उत्तरेला सरकवलेलं घर

सेलूत कापसाच्या जिनिंगच्या पलीकडं नवीन प्लॉट पडले होते. तिथं जागा बघायला एका रविवारी मी आणि नवरा गेलो. डिसेंबर चालू होता. दाखवणारा दलाल पुढं, आम्ही मागं. एक-दोन प्लॉट बघून झाले, पुढच्यावर पाय ठेवला आणि मी थांबले. मोकळ्या जागेच्या मधोमध बाज टाकलेली होती आणि बाजेवर पाय सोडून, पाठ उन्हाला देऊन माझी काकू बसली होती. बाजूला दोरीवर धुणं वाळत होतं. जागा रिकामी पडलेली, म्हणून शेजारच्या बंगल्यातल्या माणसांनी ती आपल्या अंगणासारखी वापरायला घेतली होती. बंगला माझ्या चुलतभावाचा होता. त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्यानं सेलूत घर बांधलंय एवढं मी ऐकून होते. कुठं बांधलंय ते त्या दिवशी कळलं.

काकूनं कपाळावर हात धरून बघितलं.

"कोण? तू व्हय गं? जागा बघायलाव का?"

"हो."

"बगा की मग. हीच घ्या. इथं ऊन लय चांगलं हाय. दिवसभर असतंय."

दलाल खूश झाला. मी बाजेकडं बघितलं, मग बंगल्याकडं, मग वर सूर्याकडं. बंगला प्लॉटच्या उत्तरेला होता. म्हणजे आमची जागा त्याच्या दक्षिणेला.

"हाच घ्यायचा," मी नवऱ्याला म्हणाले.

"अजून बघायचे राहिलेत की."

"नको. हाच."

हे सगळं आमच्या गावापासून, वालूरपासून सांगायला पाहिजे.

वालूरला आमचं घर आणि काकाचं घर म्हणजे एकाच जागेच्या दोन वाटण्या. वाटणी झाली तेव्हा माझे वडील नुकते गेलेले. काकानं दक्षिणेकडची बाजू घेतली, उत्तरेकडची आम्हाला दिली. आईनं दिशा बघितली नाही. दोन खोल्या आणि पुढं अंगण, मायलेकींना पुरे. मग काकानं आपल्या वाटणीवर दोन मजली स्लॅबचं घर उठवलं, तेही थेट हद्दीवर, मध्ये मांजर जायलाही जागा नाही असं. उन्हाळ्यात बांधलं, तेव्हा काही कळलं नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरूनच जातो. दिवाळी सरली आणि अंगणातलं ऊन गेलं. सूर्य दक्षिणेला कलला, तशी त्या घराची सावली आमच्या अंगणात येऊन पडली ती संक्रांत उलटून गेली तरी हलली नाही. सकाळचा सडा दुपारी ओलाच. धुणं आज घातलं तर उद्याही ओलसर. खोल्यांना कोंदट वास यायला लागला, तो माझ्या शाळेच्या कपड्यांनाही यायचा.

आईला संधिवात होता. हिवाळ्यात सकाळी तिची बोटं आखडून जायची, मूठ उघडायची नाही. आधी ती उजाडलं की अंगणात बसून हात उन्हात धरायची. हळूहळू बोटं सुटायची, मग भाकरी, मग शिलाई मशीन. बायकांचे ब्लाऊज शिवून ती घर चालवायची. त्या वर्षी ऐन लग्नसराईत तिला सुईत दोरा ओवता येईना. मी नववीत होते. भाकऱ्या मी थापायला लागले, हूक-बटणं मी लावायला लागले, पण कापड कापणं माझ्या हातचं नव्हतं. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली.

मग आई काकाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. त्यांच्या ओट्याला सकाळपासून ऊन असायचं. बारदाना अंथरून ती एका कडेला बसायची, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी. घरातलं काही मागायची नाही, पाणीसुद्धा नाही. चार-सहा दिवस गेले असतील. मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात काकू झाडू घेऊन बाहेर आली. आई थोरली जाऊ, म्हणून काकू तिला अक्का म्हणायची.

"अक्का, रोज रोज इथं बसायलाव. येणारे-जाणारे इच्यारायलेत मला, ह्यांच्या घरात ऊनबी न्हाई का म्हणून."

आई म्हणाली, "न्हाई ना बाई. तुमच्या माडीनं अडवलंय."

काकू हसली. मला ते हसू अजून दिसतं. तिनं झाडू आईच्या बारदान्यापर्यंत आणला आणि म्हणाली, "वाटणीत ऊन न्हाई आलं तुमच्या, त्याला मी काय करू?"

आई उठली. आखडलेल्या बोटांनी बारदान्याची घडी होईना, म्हणून तिनं तो तसाच काखेत धरला आणि घरात गेली. पुन्हा त्या ओट्यावर ती कधी बसली नाही. त्या दिवसाबद्दल मला काही बोललीही नाही. मी शिकले, डी.एड. केलं, झेडपीच्या शाळेत लागले, लग्न झालं, आईला घेऊन सेलूत भाड्याच्या घरात राहायला आले. काका वारला, त्याच्या मातीलाही मी गेले. पण ते वाक्य मी कुठंही ठेवून दिलं नाही. पाचवीच्या वर्गात दक्षिणायन शिकवताना दरवर्षी फळ्यावर सूर्य काढते, खाली घर काढते, घराची सावली काढते. मुलांना वाटतं बाई भूगोल शिकवायल्यात.

प्लॉट घेतला त्या संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"शेजारी ते आहेत. काकू आणि तो."

तिचा हात थांबला. "कोणत्या अंगाला?"

"उत्तरेला."

"मग चांगलं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, तिला काय कळलंय. तिला सगळं कळलं होतं.

नाताळाच्या सुट्टीत मी एक उंच बांबू घेऊन प्लॉटवर गेले. बांबू रोवला आणि दिवसभर थांबून त्याची सावली कुठं कुठं जाते ते बघत राहिले. सकाळी ती वायव्येकडं लांब पडली, दुपारी आखूड होऊन नीट उत्तरेला आली, संध्याकाळी ईशान्येला गेली. जिथं जिथं गेली तिथं चुन्यानं खूण केली. बांबू उत्तरेच्या हद्दीजवळ रोवला की सगळ्या खुणा चुलतभावाच्या अंगणात जायच्या. तो गॅलरीत उभा राहून चहा पीत होता.

"ताई, काय मोजायलीस?"

"सावली."

"ती कशाला?"

"घर बांधायचंय ना," मी म्हणाले. तो हसून आत गेला. त्याला वाटलं असेल, शिकवणाऱ्या बाईचं खूळ.

इंजिनिअरनं पहिला नकाशा आणला त्यात घर दक्षिणेला सरकवलं होतं आणि उत्तर-पूर्व मोकळी सोडली होती. नवऱ्याला तो एकदम पटला. वास्तूप्रमाणे तसंच असतं, उत्तर हलकी, दक्षिण जड.

मी म्हणाले, "घर उलट करा. उत्तरेला सरकवा. दक्षिणेला अंगण पाहिजे."

"मॅडम, दक्षिणेला एवढी मोकळी जागा कुणी सोडत नाही."

"हिवाळ्यात ऊन कोणत्या बाजूनं येतं?"

तो थोडा वेळ नकाशाकडं बघत राहिला. "तसं बघितलं तर तुमचं बरोबर आहे. अंगणात आणि पुढच्या खोल्यांत दिवसभर ऊन राहील. पश्चिमेला जिना घेतला तर उन्हाळ्याचा ताप पण अडेल. पण उद्या लोक मला नावं ठेवतील."

"मला ठेवू द्या. आणि उत्तरेला नियमानं जेवढी जागा सोडावी लागते तेवढीच सोडा. त्याच्यावर बोटभर नको."

"आणि वरचा मजला?"

नवरा मध्येच म्हणाला, "वरचा मजला कशाला? माणसं तीन."

"पाहिजे," मी म्हणाले.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, हे सगळं काय चाललंय. मी त्याला ओट्याची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी सांगितली नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आपल्याला ऊन पाहिजे म्हणून घर तिकडं सरकवायलीस, का त्यांना मिळू नये म्हणून?"

"दोन्ही."

"मग आधी कोणतं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. पण मला उत्तर माहीत होतं. एका मजल्यानं आमचं भागत होतं. एका मजल्याची सावली त्यांच्या अर्ध्या अंगणापर्यंतच गेली असती.

काम सुरू झालं. काकूची बाज आमच्या प्लॉटवरून त्यांच्या अंगणात गेली. पहिला स्लॅब पडला तोवर चुलतभाऊ गड्यांना चहा पाठवायचा, पाण्याचं कनेक्शनही त्यानं आपल्याकडून दिलं. आम्ही ते घेतलं. वरच्या मजल्याच्या भिंती उभ्या राहायला लागल्या तसा चहा बंद झाला. दुसरा स्लॅब पडला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तो आमच्या वाळूच्या ढिगाऱ्याशी येऊन उभा राहिला.

"ताई, वरचा मजला कशाला घेतलास गं? तीन तर माणसं तुमी."

"पाहिजे होता."

"आमच्या अंगणात दिवसभर सावली पडायलीय. अंगणातल्या सोलरचं पाणी पण नीट तापंना गेलंय."

"नियमानं बांधलंय. जागा सोडलीय. मोजून घे."

"मी नियमाचं न्हाई म्हणायलो." त्यानं वरच्या खिडकीकडं बघितलं. "तू हे मुद्दाम केलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मी नाही म्हणेन, मग तो चिडेल, असं त्यानं धरलं असावं. मी त्याला ओटा सांगितला, बारदाना सांगितला, त्याच्या आईचं वाक्य तिच्याच आवाजात सांगितलं.

"मला हे ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "मी तेव्हा परभणीला होस्टेलवर होतो."

"आता ठाऊक झालं."

तो गेला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ताप उतरल्यावर अंग हलकं होतं ना, तसं.

पौषात आम्ही राहायला आलो. नवीन घरात आईचा पहिला उद्योग म्हणजे अंगणात खुर्ची टाकून बसणं. सकाळी ऊन तिच्या पायांवर यायचं, मग मांडीवर, मग हातांवर. तिची बोटं आता पूर्ण सुटत नाहीत, तो काळ गेला. तरी ती हात पालथे करून मांडीवर ठेवायची आणि बसायची. मी वरच्या मजल्यावर जायची. तिथं आम्ही कांदे पसरून ठेवले होते, दुसरं काही नव्हतं. उत्तरेच्या खिडकीतून खाली बघितलं की चुलतभावाचं फरशीचं अंगण दिसायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत सावलीत. काकूची बाज आधी अंगणात होती. मग ती पडवीजवळ गेली. मग बाज गेली आणि प्लॅस्टिकची खुर्ची आली. सकाळी थोडा वेळ रस्त्याकडच्या फाटकाशी ऊन यायचं, तेवढ्यापुरती खुर्ची फाटकाच्या बाहेर जायची. कापसाच्या गाड्या जायच्या, धुरळा उडायचा, काकू पदर नाकाला लावून बसायची. ती बरीच म्हातारी झाली होती. गुडघे गेले होते, हातात काठी आली होती. मी हे सगळं बघायची आणि मला दया यायची नाही. यायला पाहिजे असं वाटायचं, म्हणून मी वाट बघितली. आली नाही.

आणि मग एका रविवारी काकू आमच्या फाटकाशी आली. मी ओट्यावर शेंगा सोलत होते, आई उन्हात.

"अक्का, जराशी बसू का इथं?" काकू म्हणाली. "तिकडं ऊनच न्हाई राहिलं."

इतकी वर्षं मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते तोंडात आलं. मी हातातली शेंग खाली ठेवली, तेवढ्यात आई म्हणाली, "ये की. बस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्यासाठी वास्तूचे नियम मोडले, नवऱ्याशी भांडले, कांद्यांसाठी एक अख्खा मजला बांधला, ते आईनं दोन शब्दांत देऊन टाकलं. मी आत जाऊन भांडी आपटली. काकू बसली. बऱ्याच वेळानं काकू काठी टेकून उठली, तेव्हा आईचा आवाज आला.

"उद्या येणार असशील तर ये. पर इच्यारून बसायचं. रोज. तिथं फाटकापाशी उभं राहून."

काकूनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "इच्यारते की."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायची. फाटकाची कडी न काढता बाहेर उभी राहायची, बाहेरूनच म्हणायची, "अक्का, बसू का?" आई लगेच उत्तर द्यायची नाही. हातातलं काम संपवायची, एकदा चष्मा पुसायची, मग म्हणायची, "बस." रस्त्यानं जाणाऱ्या बाया हे बघायच्या. मी शाळेला जाताना बघायची.

एक दिवस आई म्हणाली, "आज न्हाई."

काकू उभीच राहिली. तिला वाटलं असेल, ऐकण्यात चूक झाली. आईनं खुर्ची उन्हाकडं सरकवली. काकू वळली आणि काठी टेकत रस्त्यानं परत गेली. मी चप्पल घालत होते, ती हातात तशीच राहिली.

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. आज म्हणावं वाटलं."

"तिला ते आठवतंय का, ओट्यावरचं?"

"असंल, नसंल," आई म्हणाली. "मला हाय."

मग मला कळलं की मी बांधलं ते घर होतं, सूड आई घेत होती. माझी सावली एकदा पडली ती पडली, काकूला तिची सवय झाली असती. आईनं ऊन आपल्या हातात ठेवलं होतं आणि ते रोज थोडं थोडं द्यायची, कधी द्यायची नाही. मधून-मधून, काही कारण नसताना, ती "आज न्हाई" म्हणायची. त्यामुळं रोज फाटकाशी उभं राहिल्यावर काकूला ठाऊक नसायचं, की आज काय. तिचा चेहरा मी तेव्हा बघितला आहे. मी आईला थांबवलं नाही. मला ते बघायला आवडत होतं.

माघात चुलतभाऊ पुन्हा आला. या वेळी आवाज खाली होता.

"ताई, मधल्या भिंतीत एक फाटक काढू का? खर्च माझा. आईला रस्त्यानं फिरून यायला जड जायलंय."

"माझं काही नाही. आईला विचार."

त्यानं आईला विचारलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "लेकरा, भिंत भिंतीच्या जागी असू दे. तिला रस्त्यानंच येऊ दे. चाललं की गुडघे मोकळे राहतात."

तिनं हे अगदी मायेनं म्हटलं. माझ्याकडं बघून तो निघून गेला. नवऱ्यानं रात्री मला म्हटलं, "तुझ्या आईला मी गरीब समजत होतो." मी म्हणाले, "मी पण."

होळी झाली. उन्हाला धार यायला लागली. आमच्याकडं होळीनंतरचं ऊन कुणी अंगावर घेत नाही. माणसं सावली धरतात, गुरंसुद्धा धरतात. सूर्य वर चढला तशी आमच्या घराची सावली चुलतभावाच्या अंगणातून आक्रसत चालली, त्यांची फरशी पुन्हा उजेडात आली. आता काकूला आमच्याकडं यायची काही गरज नव्हती. तरी ती यायची. फाटकाशी उभी राहायची, विचारायची, आई थांबून "बस" म्हणायची.

शाळा सकाळची झाली होती. एके दिवशी मी सुटून घरी आले तेव्हा ऊन असं होतं की डांबरावर चप्पल चिकटत होती. अंगणात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे पदर डोक्यावर, दोघींचे चेहरे लालभडक. काकूच्या कानामागून घाम गळत होता. आईची चोळी पाठीला चिकटली होती. दोघींच्या मध्ये पाण्याचा तांब्या होता, तो भरलेला तसाच होता.

"आई, आत ये. भोवळ येईल."

"ही गेली की येते," आई म्हणाली.

मी काकूकडं बघितलं. "काकू, घरी जा आता."

"मला काय होत न्हाई ऊन," काकू म्हणाली. "अक्कानं उठ म्हणू दे, उठते."

आई काही म्हणाली नाही. दोघींनीही माझ्याकडं बघितलं नाही. मी आत गेले, पंखा लावला आणि पीठ मळायला घेतलं.